विजयदुर्गचा धक्का ते दादर टी. टी.: चाकरमान्याने मुंबईची वाट कशी शिकली?

१/
दादर पूर्वेच्या चौकाला जुने मुंबईकर आजही ‘दादर टी. टी.’ म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि कायमची थांबली. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, नाव मात्र उरले. ही नावे ज्यांनी पाठ केली आणि ज्यांच्या तोंडी ती टिकली, त्यांत कोकणातून आलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे. हा धागा त्यांच्याविषयी आहे.

२/
मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास बहुधा कंपन्या, इंजिने आणि उद्घाटनांच्या तारखांतून सांगितला जातो. त्या तारखा येथेही येतील. पण प्रश्न थोडा वेगळा आहे. ज्याने गावात कधी रूळ पाहिला नाही, तो माणूस या शहरात वाट काढायला कसा शिकला? त्याला कोणी शिकवले? आणि वाट चुकली तर त्याचे नुकसान काय होत असे?

३/
आरंभ विजयदुर्गापासून करू. वाघोटण खाडीच्या मुखावरचे हे बंदर पश्चिम किनाऱ्यावरील उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक. इंग्रज त्याला ‘घेरिया’ म्हणत. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या स्वारीत येथे तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले आणि १८१८ नंतर हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. ज्या बंदरातून एकेकाळी गुराबे आणि गलबते समुद्रावर दबदबा ठेवत, तेथून पुढच्या शतकात वळकटी काखेत घेतलेली माणसे मुंबईच्या बोटीत चढू लागली.

४/
कारण साधे होते. डोंगराळ जमीन, पावसावर अवलंबून असलेले एकच पीक, खोतीचा बोजा आणि वाढती कुटुंबे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याने (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी) मुंबईला गिरणी कामगार, गोदी कामगार, पोलीस, शिपाई आणि घरगडी पुरवले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईतील दर पाच-सहा रहिवाशांमागे एक या एका जिल्ह्यात जन्मलेला होता. घरे मनीऑर्डरीवर चालत. मनीऑर्डर पाठवणाऱ्याला गावात ‘चाकरमानी’ म्हणत.

५/
त्याचे पहिले सार्वजनिक वाहन म्हणजे आगबोट. मुंबई ते पणजी या किनारी मार्गावर दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे लागत. अनेक बंदरांत बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. मग उतारू होडीतून तिच्यापर्यंत जात आणि हलत्या शिडीवरून वर चढत. सामान, कोंबड्या, फणस, आंब्याच्या पेट्या आणि मुले हातोहात वर दिली जात. रात्र डेकवर काढायची आणि मुंबई गाठायची.

६/
या प्रवासाचे वेळापत्रक छापलेले असले, तरी त्याच्यावर हुकूम समुद्राचा चाले. वारा, भरती आणि धुके यांप्रमाणे बोट लवकर किंवा उशिरा येई. लोक बंदरावर वाट पाहत बसत. पावसाळ्यात तर बोटी बंदच. जूनपासून नारळी पौर्णिमेच्या सुमारापर्यंत मुंबईला जायचे असेल, तर घाट चढून कोल्हापूर गाठावे लागे. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाल्यावर तेथून गाडीने मुंबईला जाता येऊ लागले. त्यामुळे विजयदुर्गच्या माणसाला ऋतू पाहून वाट निवडण्याची सवय होती. मिनिटे पाहण्याची मात्र नव्हती.

७/
समुद्राची वाट निर्धोक नव्हती. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन किनारी बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घरांत बोटीचा निरोप घेताना वडीलधारी माणसे देवाला गाऱ्हाणे घालत, त्यामागे ही भीती होती. मुंबईत पाऊल ठेवण्यापूर्वीच त्या माणसाने सार्वजनिक वाहतुकीचा एक मोठा धोका पत्करलेला असे.

८/
भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी तो बांधला आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. बोटीतून उतरलेल्या नवख्यापुढे एकाच वेळी हमाल, बैलगाड्या, घोडागाड्या, गोदीची फाटके आणि अनेक भाषांचा गलबला असे. घरून दिलेली सूचना बहुतेक वेळा एकच असायची: धक्क्यावर गाववाला न्यायला येईल, तो येईपर्यंत जागचा हलू नकोस.

९/
येथे या कथेतील सर्वांत महत्त्वाची संस्था येते: गावाची खोली. गिरणगावातील चाळींत एका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली. प्रत्येकाने महिन्याचा वाटा द्यायचा. कोपऱ्यात एकेकाची ट्रंक, भिंतीला टांगलेले कपडे, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवण खानावळीत. घरमालकाच्या दृष्टीने ती एक भाड्याची खोली होती. नवख्याला मात्र तेथे निवारा मिळे, नोकरीची ओळख मिळे आणि शहराचे पहिले धडेही तेथेच मिळत.

१०/
पहिला धडा पायी चालण्याचा असे. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांपैकी फार मोठा भाग कामाच्या ठिकाणापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत राहत होता. ट्रामचे भाडे वाचवणे हे त्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण बदली कामगाराचे. कायम जागा नसलेल्याला रोज पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभे राहावे लागे. कोणी गैरहजर असेल तर जॉबर त्याच्या जागी एखाद्याला आत घेई. जो वेळेवर फाटकाशी नाही, त्याला त्या दिवशी काम नाही.

११/
म्हणूनच वाट चुकणे ही नवख्यासाठी हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. तो दिवस गेला की मजुरी गेली, मजुरी गेली की मनीऑर्डर लांबली. १९२२ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराचा दिवस ११ तासांचा केला होता. एवढे काम करून परतणाऱ्याला लांबचा प्रवास परवडणारा नव्हता, पैशानेही नाही आणि अंगानेही नाही. भोंग्याचा आवाज पोहोचेल तेवढेच त्याचे शहर.

१२/
दुसरा धडा घड्याळाचा, आणि येथे इतिहासाने एक विलक्षण गंमत केली होती. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. रेल्वेने ती स्वीकारली. मुंबईने मात्र आपली जुनी स्थानिक वेळ सोडली नाही. ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता. जानेवारी १९०६ मध्ये काही गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. घड्याळ पुढे सरकवले की अंधारातच फाटकाशी हजर व्हावे लागणार, हे त्यांना चांगले उमगले होते. मुंबई टाइमचा वापर १९५५ पर्यंत कोठे ना कोठे चालू राहिला.

१३/
भरती-ओहोटीवर दिवस मोजणाऱ्या माणसाची कल्पना करा. गावात बोट दोन तास उशिरा आली, तर कोणाचे काही अडत नसे. येथे स्टेशनावरचे घड्याळ एक वेळ दाखवते आणि शहरातले दुसरी. गाडी कोणत्या वेळेने सुटणार हे विचारल्याखेरीज कळत नाही. प्रवास शिकण्यापूर्वी त्याला कोणत्या ठिकाणी कोणते घड्याळ चालते, हे शिकावे लागले.

१४/
तिसरा धडा ट्रामचा. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून. दुसरा बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. भाडे तीन आणे आणि सुरुवातीला तिकीटच नव्हते. तीन आणे मजुराला जड होते. पुढे भाडे उतरले, तिकिटे आली आणि ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम सुरू झाली. सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली.

१५/
पहिल्या दोन्ही ट्राम जेथे जाऊन थांबत, त्या नावाकडे पाहा. पायधुणी. बेटांमधल्या चिखलातून, उथळ पाण्यातून चालत आलेले लोक येथे पाय धूत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आणि बोरीबंदर: नावात बंदर, प्रत्यक्षात रेल्वे स्टेशन. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी येथूनच ठाण्याला गेली. बंदरातून आलेल्या माणसाला रेल्वेच्या स्टेशनाचे नावही बंदरच सापडावे, हा योगायोग नव्हे. मुंबईची वाहतूक पाण्याकडून जमिनीकडे सरकत गेली आणि नावे वाटेत राहून गेली.

१६/
ट्राम नवख्याला सोयीची होती. रूळ रस्त्यातच, डोळ्यांसमोर. गाडी कोठून वळणार हे रुळांकडे पाहून समजे. वेग बेताचा, बाजू उघड्या, त्यामुळे रस्ता ओळखता येई आणि चुकीच्या गाडीत बसल्याचे लवकर कळे. अक्षरओळख नसलेला माणूसही दोन-तीन फेऱ्यांत खुणा पाठ करी: हे मार्केट, हे देऊळ, ही गिरणीची चिमणी, आता उतरायचे. रविवारी गाववाल्यांना भेटायला, बोटीवर कोणाला पोहोचवायला किंवा राणीच्या बागेत जायला ट्राम हेच वाहन होते.

१७/
लोकल गाडी याच्या उलट. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरील पहिली गाडी हार्बर मार्गाने धावली. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गही विजेवर आला. आता वेग वाढला आणि चूक महाग झाली. धीमी गाडी सगळीकडे थांबते, जलद थांबत नाही. परळला उतरायचे आणि बसलो जलद गाडीत, तर स्टेशन डोळ्यांदेखत मागे पडते. बोटीतून, ट्राममधून चूक दुरुस्त करता येई. जलद गाडीत पुढचे स्टेशन येईपर्यंत काही करता येत नाही.

१८/
त्यातच दोन वेगवेगळ्या रेल्वे कंपन्या. जीआयपी म्हणजे आजची मध्य, बीबीसीआय म्हणजे आजची पश्चिम. चिंचपोकळी, करी रोड, परळ एका मार्गावर. लोअर परळ आणि एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) दुसऱ्या. दादर दोन्हींवर आणि दोघांचे फलाट क्रमांक स्वतंत्र. ‘एक नंबरवर ये’ असे कोणी सांगितले की ‘कोणत्या लाइनच्या?’ हा प्रश्न विचारावाच लागे. हा घोळ डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांना सलग क्रमांक दिल्यावर मिटला. एका शतकातील नवख्यांनी तो तोंडी ज्ञानावर निभावला.

१९/
हे तोंडी ज्ञान म्हणजे नेमके काय? कोणत्या डब्यात चढले की जिना समोर येतो. कोणत्या बाजूला उतरायचे. उतरायच्या आधीच्या स्टेशनाला दाराकडे कसे सरकायचे. इंडिकेटरवरच्या ‘बो’चा अर्थ बोरिवली. मासिक पास कोठे काढायचा आणि तो छातीच्या खिशात का ठेवायचा. यांतील बहुतेक गोष्टी वेळापत्रकात नसत. गावाच्या खोलीत त्या रात्री जेवणानंतर सांगितल्या जात आणि पहिले काही दिवस एखादा तात्या किंवा दादा नवख्याला सोबत घेऊन जाई.

२०/
१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस धावली. १९३७ मध्ये दुमजली बस आली, १९४० मध्ये कुलाबा-माहीम ‘मर्यादित’ सेवा. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘बेस्ट’ महापालिकेच्या ताब्यात आली. पुढे बसच्या कपाळावर क्रमांक आणि ठिकाण मराठीत, इंग्रजी पाटी बाजूला, आणि मर्यादित बसचे आकडे लाल अशी पद्धत रूढ झाली. मराठी शाळेत चार इयत्ता शिकून आलेल्याला त्यामुळे समोरून येणारी बस वाचता येई. पाटी कोणत्या लिपीत आहे, यावर शहर कोणाला वाचता येते हे ठरत असते.

२१/
आतापर्यंत ‘तो’ आला, ‘ती’ आली नाही. कारण बहुतेक बायका गावीच राहत. शेती, गुरे, म्हातारी माणसे त्यांच्यावर. तरी हजारो स्त्रिया गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत कामाला होत्या, अनेकींनी खानावळी चालवून या पुरुषांना जेवू घातले. त्यांचे शहर आणखी लहान होते: चाळ, गिरणी, बाजार. पुढच्या पिढ्यांतील मुली शाळा, कॉलेज, कचेऱ्यांत गेल्या तेव्हा लोकलचा बायकांचा डबा हे त्यांचे शिक्षणकेंद्र झाले. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली ही महिला विशेष लोकल सुरू झाली.

२२/
मग वीण उसवू लागली. १९६४ मध्ये ट्राम गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्वपदावर आल्याच नाहीत. पंधरा मिनिटांवरचे काम संपले आणि पंधरा मिनिटांवरचे घर परवडेनासे झाले. कुटुंबे डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरारकडे सरकली. ज्यांच्या वडिलांनी पैसे वाचवायला चालणे पत्करले, त्यांच्या मुलांना रोज तासन्‌तास गाडीत उभे राहणे पत्करावे लागले.

२३/
गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, स्टेशने मात्र जुन्याच मापाची राहिली. चालत येणाऱ्या कामगारांच्या वस्तीला पुरेसा असलेला पूल आता लाखोंच्या वाटेवर होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. घर आणि काम यांतील अंतर वाढले की त्याची किंमत कोणीतरी चुकवतो. वाहतुकीच्या इतिहासात हे अंतरही मोजले पाहिजे.

२४/
इकडे विजयदुर्गची वाटही बदलली. किनारी प्रवासी बोटी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडल्या. एसटीने आधीच गाव मुंबईशी जोडले होते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली, पण ती किनाऱ्यापासून आत धावते. विजयदुर्गला उतरायचे तर स्टेशनापासून पुन्हा बस किंवा रिक्षा. गणपतीत फलाटावर जी गर्दी दिसते ती त्याच जुन्या वाटेची, फक्त समुद्राकडून रुळांकडे वळलेली.

२५/
आज नवखा मुलगा मोबाइलमध्ये मार्ग पाहतो आणि मेट्रोत बसतो. त्यात वाईट काहीच नाही. त्याच्या आजोबांना जे ज्ञान महिनाभर कोणाच्या तरी मागे फिरून मिळाले, ते त्याला क्षणात मिळते. फरक असा की आजोबांना वाट दाखवणारा माणूस त्यांना काम, जेवण आणि आजारपणात आधारही देत असे. मोबाइल वाट दाखवतो, पण फाटकाशी ओळख सांगायला कोणी बरोबर येत नाही.

२६/
मुंबईची वाहतूक कंपन्यांनी उभारली, हे खरे. ती वापरण्याजोगी केली ती अशा हजारो खोल्यांतल्या शिकवण्याने. त्या ज्ञानाची कागदोपत्री नोंद जवळजवळ नाही. ते नावांत, सवयींत आणि वृद्धांच्या आठवणींत आहे. म्हणून घरी कोणी चाकरमानी असतील तर तीन प्रश्न जरूर विचारा: मुंबईत पहिल्यांदा कोणत्या वाहनाने आलात? पहिल्या दिवशी न्यायला कोण आले होते? आणि पहिल्यांदा एकट्याने कोठे गेलात? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. इतिहासाचे साधन याहून वेगळे नसते.

(धागा समाप्त)